कानातला बिल्ला

दहिवडीहून साताऱ्याला येताना नानासोंनी अंबूबाईंना वाटभर पढवलं होतं, "बिल्ला चरताना पडला, एवढंच म्हण." त्यांचा जातिवंत मेंढा दगावला होता आणि कानात विम्याचा बिल्ला नव्हता म्हणून कंपनीने भरपाई नाकारली होती.

ग्राहक आयोगात कंपनीच्या वकिलाने विचारलं, तेव्हा अंबूबाई म्हणाल्या, "मीच काढला, सायेब. कान चिघळला हुता. मान टाकून बसायचा."

घरी आल्यावर नानासो थेट मेंढरांत शिरले. मग हाक आली, "आगं, हळद-तेल आण."

अंबूबाई वाटी घेऊन गेल्या. एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन नानासोंनी तिच्या सुजलेल्या कानातला बिल्ला काढला होता.

"आन् हिचा विमा?"

"आदी फुंकर घाल," नानासो म्हणाले.