शुद्ध प्रार्थना

पिंपळनेरच्या चर्चमध्ये कोकिळाअक्कांनी मोठ्यानं प्रार्थना केली, "देवबा, आपण बठ्ठा पापी शेतस." उपासना संपताच शमुवेलभाऊंनी त्यांना सगळ्यांसमोर अडवलं. दुसऱ्यांच्या चुका भाऊंच्या बरोबर ध्यानात राहत.

"अक्का, देवाशी बोलताना 'आपण सगळे पापी' म्हटलं की देवही पापी ठरतो. एवढं तरी कळायला हवं."

"चुकनं भाऊ. मंग तुम्हीच शिकाडा. मी तुमना मांगे म्हनसू."

भाऊंनी डोळे मिटले आणि बावीस वर्षं दर रविवारी म्हटलेली प्रार्थना सुरू केली, "हे प्रभू, या पापी लोकांना क्षमा कर."

अक्का थबकल्या.



"भाऊ, ह्या लोके म्हंजे कोन?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, आणि भाऊंना डोळे उघडायची लाज वाटली.