स्प्रिंगचं कार्ड

साडेदहाला कारखान्यातली जुळणीची लाइन थांबली. "स्प्रिंगा संपल्या!" असा टोकाकडून ओरडा झाला, तेव्हा स्टोअरकाका आपल्या काउंटरमागे चष्मा पुसत बसले होते. ते उठले नाहीत. थोडी बोंबाबोंब होऊ दे, मग उठू, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

व्हॉल्व्हचा कारखाना तो. स्प्रिंग नसेल तर व्हॉल्व्ह म्हणजे नुसता पितळेचा ठोकळा. चाळीस माणसं हातावर हात ठेवून उभी राहिली.

सव्वीस वर्षं कुठला माल किती उरलाय, कुणाकडून येतो, यायला किती दिवस लागतात, हे सगळं काकांच्या डोक्यात होतं. घरी काकू म्हणायच्या, "स्वयंपाकघरातलं मीठ संपलेलं दिसत नाही, तिकडचे वायसर मात्र तोंडपाठ!" मग महिन्यापूर्वी भिंतीवर कार्डांचा फळा आला. मॅनेजर त्याला कानबान म्हणत. प्रत्येक मालाच्या दोन पेट्या. पुढची रिकामी झाली की तिचं कार्ड फळ्यावर लावायचं, ते बघून खरेदीवालीने ऑर्डर द्यायची, आणि नवा माल येईपर्यंत मागच्या पेटीवर भागवायचं. कुणी कुणाला काही विचारायलाच नको.

माल यायला किती दिवस लागतात ते कार्डावर लिहायचं आणि मागच्या पेटीत तेवढ्याच दिवसांपुरता माल ठेवायचा. हे आकडे मात्र काकांकडूनच घ्यावे लागले. ही खरेदीवाली पोरगी, नोकरीला लागून तीन महिनेही झाले नव्हते, वही घेऊन तीन दिवस त्यांच्यासमोर बसली. बहात्तर प्रकारचा माल. काकांनी एकाहत्तर आकडे खरे सांगितले. स्प्रिंग यायला अकरा दिवस लागतात. काका म्हणाले, "चार."

पुढच्या महिन्यात त्यांना साठ वर्षं पूर्ण होत होती. मुदतवाढीचा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर पडून होता. सगळंच फळ्याला सांगून टाकलं, तर आपल्याला कोण कशाला ठेवेल?

"काका, काहीतरी करा हो!" मॅनेजर धापा टाकत काउंटरशी आले.

"बघतो," काका सावकाश उठले. गॅस्केटच्या गुंडाळ्यांमागून त्यांनी एक पेटी ओढून काढली. सहाशे स्प्रिंगा. नवा माल येईपर्यंत आरामात पुरतील, हा हिशोब त्यांनी पेटी लपवतानाच करून ठेवला होता.

"घ्या! फळा म्हणतो संपलं, आणि काका पेटी काढून देतात!" मॅनेजरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"काकांना घरी बसवाल, तर आम्हालाही बसवा साहेब," लाइनवरची एक बाई म्हणाली, आणि सगळे हसले.

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. महिनाभर जीव तळमळत होता तो याच्यासाठीच तर!

मॅनेजर मागे वळले. खरेदीवाली दारातच उभी होती, हातात स्प्रिंगचं कार्ड घेऊन.

"आणि तुम्ही काय करत होतात? कार्ड सोमवारी लागलंय, आज शुक्रवार!"

"ऑर्डर सोमवारीच दिली, सर. आज सकाळी फोन केला, तर ते म्हणाले, आम्हाला नेहमीच अकरा दिवस लागतात. कार्डावर चार आहेत."

"मग कार्ड लिहिलं कुणी?"

"मी," ती म्हणाली. "काकांनी अकराच सांगितले असणार. त्यांचं कधी चुकत नाही. मीच चार लिहिले असतील."

"एवढंसं धड लिहिता येत नाही? तुम्हाला कायम करायचं की नाही, ते आजच ठरवायचं होतं मला. बरं झालं, सोपं झालं माझं काम."

ती कार्डावरच्या त्या चाराकडे नुसती बघत राहिली, जणू तो कधी लिहिला हे आठवत होती. ओरडा होईल, आपलं कौतुक होईल, इथपर्यंतचा सगळा विचार काकांनी केला होता. पोरीचा केलाच नव्हता.

"साहेब, तिचं चुकलं नाही," काका म्हणाले. "मी चारच सांगितले होते. मुद्दाम."

मॅनेजर पेटीकडे बघत राहिले, मग काकांकडे. "आधी या स्प्रिंगा लाइनवर न्या," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

पोरगी मात्र हलली नाही.

"आणि बाकीचे आकडे, काका?"

"बाकीचे खरे आहेत गं. शपथ घेऊन सांगतो."

तिने मान डोलावली. ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर काकांना बरं वाटलं असतं. तिने एकेक पेटी धुंडाळून सगळी कार्डं गोळा केली, काउंटरवर गठ्ठा ठेवला आणि फोन पुढे ओढला.

"हॅलो, रबरी रिंगांसाठी फोन केलाय. ऑर्डर दिल्यापासून माल यायला तुम्हाला किती दिवस लागतात?"

पलीकडचा माणूस बहुतेक कुणाला तरी विचारायला गेला होता. ती पेन उघडून थांबली.

"सहा," काका हळूच म्हणाले.

तिने वर पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने पलीकडून उत्तर आलं. मग तिने कार्डावर लिहिलं: सहा.