स्क्रू कोणी आवळला?

स्क्रू हलेना. आप्पांनी पाना पुन्हा बसवला, पाय रोवले आणि दात-ओठ खात सगळ्या अंगाचा जोर लावून ओढलं. पाना सटकला, बोटांची सालपटं निघाली, पण स्क्रू जागचा हलला नाही. करवत मशीनचं गोल पातं धरून ठेवणारा, अंगठ्याएवढा जाड स्क्रू. पातं बोथट झालं होतं आणि ते बदलायचं तर आधी हा निघायला हवा होता.

एवढा घट्ट स्क्रू आपोआप बसत नसतो. आप्पांनी अर्धं आयुष्य या मशीनवर काढलं होतं. तिचा आवाज जरा बदलला, तरी त्यांना पलीकडच्या खोलीत जेवता जेवता कळायचं. कोणीतरी मुद्दाम आवळला होता. आणि कोणीतरी म्हणजे कोण, हे शोधायला फार लांब जायची गरज नव्हती. मुलगा दिवसभर गिऱ्हाइकांच्या घरी मापं घेत फिरायचा. कारखान्यात माणसं दोनच, आप्पा आणि सूनबाई.

सून कामाला वाईट नव्हती. खरी मेख तिथेच होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला रंधा कुठून धरायचा तेही ठाऊक नव्हतं. आप्पांनीच शिकवलं. आता दारात आलेलं गिऱ्हाईक आप्पांना नमस्कार करायचं आणि काम तिला सांगायचं. हल्ली तर ती आप्पांना मशीनवर एकटं सोडायचीच नाही. बटण दाबायचा अवकाश, हातातलं टाकून शेजारी हजर. वर विचारायची, "आप्पा, मी धरू का?" वीतभर फळी धरायला आप्पांना कधी कोणी लागलं होतं? परवा नवरा-बायको ओट्यापाशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. आप्पा पाणी प्यायला आत गेले, तर दोघांनी तोंडं मिटली. पाणी कुठेतरी नक्की मुरत होतं.

आप्पांनी सगळे सांधे जुळवून पाहिले. म्हाताऱ्याला साधा स्क्रू निघत नाही, हे एकदा दिसलं की काम फत्ते. आता अंगात जोर राहिला नाही म्हणायचं, उद्यापासून आराम करा म्हणायचं, की मशीन गेलीच हातची. आप्पांना मरणाची भीती नव्हती. घरी बसवलं जाण्याची होती, आणि ती अलीकडे झोपेतही सोडत नव्हती.

त्यांनी स्क्रूच्या कडेने तेल सोडलं. पान्याच्या दांड्यावर हातोडीचे ठोके घातले. पातं फिरू नये म्हणून दातांखाली लाकडाचा तुकडा अडकवला होता, तो चेपून गेला, पण स्क्रू ढिम्म. प्रत्येक ठोक्यासरशी आप्पांची खात्री वाढत गेली.

तेवढ्यात सूनबाई आली. तिच्या हातात लांब दांड्याचा पाना होता. आप्पांनी हाक मारली नव्हती, काही अडलंय म्हणून सांगितलं नव्हतं, तरी ही नेमका हाच पाना घेऊन कशी आली? चोराच्या मनात चांदणं!

"हा स्क्रू कोणी आवळला?" आप्पांनी विचारलं.

त्यांना वाटलं, कानावर हात ठेवील. त्यावर काय सुनवायचं, तेही त्यांनी मनात घोळवून ठेवलं होतं.

"मीच आवळला, आप्पा," ती म्हणाली. "चुकलं माझं."

इतक्या सहज! ना आवाज कापला, ना मान खाली गेली. आप्पांचा पारा आणखी चढला.

"मग काढ तूच. माझ्यादेखत काढ. आणि उद्यापासून या मशीनला हात लावायचा नाहीस. संध्याकाळी येऊ दे त्याला, सांगतोच बायकोचे प्रताप!"

"बरं," सून म्हणाली.

मशीनचा प्लग काढलेला आहे ना, ते तिने आधी पाहिलं. चेपलेला तुकडा काढून दातांखाली नवा सारला. पाना बसवला. आप्पा हाताची घडी घालून उभे राहिले. तिने दांडा दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा भार टाकला. एकदा घसरला, दुसऱ्यांदा मात्र स्क्रू करकरला आणि सुटला.

आप्पा तिच्या हातांकडे बघतच राहिले. हात उजवीकडे गेले होते.

जगातले बाकीचे स्क्रू डावीकडे फिरवले की सुटतात. पातं फिरताना सैल पडू नये म्हणून या मशीनच्या स्क्रूला उलटे आटे होते. हा उजवीकडेच सुटायचा. कारखान्यात नवा माणूस आला की आप्पा त्याचं नाव विचारायच्या आधी त्याला हे सांगायचे. सूनबाईलाही पहिल्या दिवशी त्यांनी हेच सांगितलं होतं. आणि आज सकाळपासून ते स्वतः जीव खाऊन तो डावीकडे फिरवत होते, म्हणजे आवळत होते.

आप्पांना लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीतीच जास्त वाटली. ते स्टूल ओढून खाली बसले. सूनबाईने बोथट पातं उतरवलं, नवं चढवलं आणि स्क्रू पुन्हा बसवला. एवढ्या वेळात तिने एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"तू नव्हता आवळलास," अखेर ते म्हणाले. "मग मीच म्हणून कशाला सांगितलंस?"

ती पाना फडक्याने पुसत राहिली.

"पहिल्यांदा विचारलंत, तेव्हा नाहीच म्हटलं होतं, आप्पा. त्या दिवशी तुम्ही दिवसभर जेवला नाहीत. तेव्हापासून तुम्ही विचारलंत, की मी दर वेळी हो म्हणते."