मिस्त्री

निवृत्तीनंतर घरीच सुतारकाम करायचं म्हणून अच्युतरावांनी भंगारातून एक जुनं रंधा मशीन आणलं, तेव्हा त्यांच्या पत्नी कुमुदताई चिडल्या होत्या. पण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून अच्युतरावांनी त्याचा सगळा गंज खरवडला, बेअरिंग बदलली, पात्यांना धार लावली. फक्त पट्टा बसवायचा राहिला आणि त्यांना विसर पडू लागला. आधी अवजारांची नावं गेली, मग लेकीचं.

रविवारी लेकीनं, मुक्तानं, पट्टा बसवून घेतला. "आवाज ऐकून कदाचित आठवेल बाबांना," ती म्हणाली. कुमुदताईंनी त्यांना धरून शेडमध्ये आणलं. मशीन सुरू झालं. सागाची फळी आत गेली आणि गुळगुळीत होऊन बाहेर आली.

अच्युतरावांनी फळीवरून तळवा फिरवला. त्यांचे डोळे चमकले. मुक्तानं आईचा हात घट्ट धरला.

"वा! जरासुद्धा खडखड नाही," ते म्हणाले. "कोणी दुरुस्त केलं हे?"

मुक्ता तोंड फिरवून बाहेर गेली.

"आहे एक मिस्त्री," कुमुदताई म्हणाल्या. "फार हट्टी आहे."

"असू दे. असा माणूस मिळत नाही हो बाई. त्याला जाऊ देऊ नका."