चौथा ब्रॅमथॉर्प

"ब्रॅमथॉर्प गावात एक बिशप झाला, एक दर्यावर्दी झाला आणि एक क्रिकेटपटू!" ऑफिसात सलील सांगत होता आणि ब्रॅमथॉर्पसाहेब गालातल्या गालात हसत होते. साहेबांचं आणि त्या तिघांचंही आडनाव इंग्लंडातल्या त्या गावावरूनच आलेलं.

उत्तम मनातल्या मनात जळफळला. लेकाचा कसा लोणी लावतोय! साहेब मस्कत सोडून मायदेशी निघाले होते. गुरुवारच्या निरोप समारंभात ते आपल्या खुर्चीसाठी नाव सांगणार होते, उत्तमचं नाहीतर सलीलचं. आणि सलीलने भाषणाला विषय निवडला होता साहेबांच्या आडनावाचा इतिहास.

मस्कतच्या बौशर भागातल्या फ्लॅटवर उत्तम बायकोपुढे धुमसत बसला. "अगं, आडनाव गावाचं, त्यात कसलं आलंय एवढं कौतुक?"

"अहो, आपलंही गावाचंच की," श्वेता हसली. "धम्माची दीक्षा घेतली आणि तुमच्या आजोबांनी जुनं टाकून आसेगावकर लावलं. तुम्हीच सांगा ना साहेबांना."

"खबरदार! ऑफिसात मी पिढीजात इनामदार म्हणून सांगितलंय."

भाषणाचे फोटो पडद्यावर दाखवायचं काम उत्तमकडे होतं. नेटवर शोधता शोधता त्याला चौथा ब्रॅमथॉर्प सापडला. जोसेफ. घोडेचोर. फासावर गेलेला. उत्तमने त्याला गुपचूप शेवटी चिकटवून टाकलं. आता बघतो, बच्चमजी!

गुरुवारी पडद्यावर बिशप आला, दर्यावर्दी आला, क्रिकेटपटू आला. टाळ्या पडल्या. मग घोडेचोर आला.

सलीलने आ वासला. साहेब उठून पडद्यापाशी गेले. चेहरा लालबुंद.

"हा कोणी शोधला?"

सलीलने उत्तमकडे पाहिलं. उत्तमची पाचावर धारण बसली. सलीलने तोंड उघडायच्या आत तो ओरडला, "सलीलने, सर! सगळं सलीलनेच शोधलंय. मी फक्त फोटो लावले."

साहेबांनी सलीलला मिठीच मारली.

"ते तिघेही आमचे कुणी नव्हेत," साहेब म्हणाले. "आमचा हा. चर्चच्या दारात टाकलेलं पोर. त्याला स्वतःचं आडनाव नव्हतं, म्हणून गावाचं लावलं. मी जन्मभर हे लपवलं. तू चारचौघांत त्याला मानाने बसवलंस. खुर्ची तुझी, सलील."

मग डोळे पुसत ते उत्तमकडे वळले.

"तुम्ही पिढीजात इनामदार, मिस्टर आसेगावकर. तुम्हाला हे नाही कळायचं."