नाल्यातलं स्वच्छ पाणी

प्राणवायू मोजणाऱ्या मीटरवर ५.८ आकडा आला तेव्हा नंदिनीने मीटर पुसला आणि पुन्हा नाल्याच्या पाण्यात बुडवला. पुन्हा ५.८.

“बिघडलं वाटतं हे,” ती म्हणाली.

“वर तर बरोबर दाखवून राहिलं होतं मॅडम,” संघपाल म्हणाला. तो कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतला परिचर. वीस वर्षं नंदिनीसारख्या प्राध्यापकांबरोबर नाल्यांत उतरत होता. आताही तो गुडघाभर पाण्यात जाळी धरून उभा होता.

वर म्हणजे वस्तीच्या आधी, दोनशे मीटरवर. तिथे नाला काळा होता. पाण्यात विरघळलेला प्राणवायू ०.६, आणि जाळीत फक्त लाल अळ्या, ज्या घाणीतच जगतात. वस्ती ओलांडल्यावर पाणी आणखी बिघडायला हवं होतं. चाळीस घरांच्या मोऱ्या त्यात पडत होत्या. इथे मात्र तळाचे गोटे दिसत होते.

अहवाल मागवणाऱ्या महापालिकेच्या साहेबांचा प्रश्न एका ओळीचा होता. सक्करदऱ्यामागची ही वस्ती नाला घाण करते का? उत्तर ‘हो’ आलं की घरं उठणार होती.

काठावर बायका टँकरची वाट पाहत होत्या. सकाळचे आठ वाजले होते आणि एप्रिलचं ऊन आत्ताच पाठ भाजत होतं. रिकाम्या हंडे-गुंडांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे अंजनाबाई. वय बासष्ट. नळाच्या पाण्यासाठी नऊ वर्षांत सात मोर्चे तिनेच नेले होते.

“का झालं मॅडम?” तिने वरूनच विचारलं. “फेल का आम्ही?”

“पास. तुमच्या खालचं पाणी वरच्यापेक्षा स्वच्छ आहे.”

बायका हसल्या. “मंग त्या साहेबाले म्हणा, ये आंघोळीले!” अंजनाबाईची सून माया ओरडली. “साबण आमच्याकडून!”

“मी म्हणत नव्हती?” अंजनाबाई म्हणाली. “घाण आमची नाही.”

संघपाल हसला नाही. त्याने जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी केली. वाळू, दोन पानं, गुटख्याची पुडी.

“मॅडम, काहीच नाही.”

“अळ्या?”

“एक नाही. मेलेली बी नाही.”

नंदिनीने स्वतः चिमट्याने वाळू चाळली. घाण पाण्यात लाल अळ्या असतात. चांगल्या पाण्यात दुसरे कीटक येतात. पाणी नितळ, प्राणवायू भरपूर आणि ट्रे रिकामा, असं तिने बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. या पाण्यात काहीतरी मारणारं होतं.

ती काठाकाठाने वर निघाली. घरांच्या खाली दगडी भिंत होती. तिच्या सांध्यांतून ठिकठिकाणी मनगटाएवढ्या धारा नाल्यात पडत होत्या. नंदिनीने एका धारेखाली परीक्षानळी धरली आणि तीत एक गोळी टाकली. पाणी गुलाबी झालं.

ती तिथेच दगडावर बसली.

“क्लोरीन,” ती म्हणाली. बायका मागोमाग आल्या होत्या. “हे नाल्याचं पाणी नाही. नळाचं आहे. प्यायचं पाणी.”

माया भिंतीकडे पाहत राहिली.

“नऊ वर्षं झाली, आमच्या नळाले थेंब नाही,” ती म्हणाली. “अन् हे आमच्याच घराखालून वाहून राहिलं?”

नंदिनीने पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“मोठी लाइन त्या घरांखालूनच जाते,” तो म्हणाला. “व्हॉल्व्ह गळत असेल. पण त्याच्या चेंबरचं झाकण मिळत नाही. आमच्या माणसाने तीन उन्हाळे दारोदार विचारलं. कोणालाच माहीत नाही. जागाच कळत नाही, म्हणून आता चाळीसही घरं उठवून खोदावं लागेल. तुम्ही लिहून द्या, महिन्याभरात काम लावतो.”

फोन बंद झाला. कोणाच्या तरी हातातला गुंड दगडावर आपटून घरंगळत गेला. त्याला अडवायला कोणी वाकलं नाही.

“नाही लिहिलं तर?” मायाने विचारलं.

“तर हजारो घरांचं पाणी असंच नाल्यात जाईल. तुमचंही.”

“अन् लिहिलं तर आमच्या डोक्यावर छप्पर नाही.”

घाणीच्या आरोपातून वस्ती सुटली होती आणि स्वच्छ पाण्याने उठणार होती. नंदिनीने पाटीवर अहवालाचा कागद लावला. ‘कारण’ या रकान्यात लिहिलं: जलवाहिनीची गळती. ‘ठिकाण’ या रकान्यात लिहायला घेतलं: चाळीस घरांच्या...

“थांब वं पोरी.”

अंजनाबाई पुढे आली होती. आतापर्यंत ती मॅडम म्हणत होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मायाने आधारासाठी हात पुढे केला, तो तिने धरला नाही. रांगेतल्या एकाही बाईकडे तिने पाहिलं नाही.

“चाळीस घरं काहून लिहून राहिली?” ती म्हणाली. “एकच लिही. ते झाकण माह्या सैपाकाच्या ओट्याखाली आहे.”