शाळा ते घर

वर्गात शिरताच खारूच्या आईने आधी घड्याळ बघितलं. तीन पस्तीस. मग भिंतीकडे नजर गेली आणि ती दारातच थांबली.

'या महिन्यात आम्ही शिकलो: नकाशा', असं पुठ्ठ्याच्या अक्षरांत लिहिलं होतं. खाली अठ्ठावीस चौकटीचे कागद, ओळीने टाचलेले. प्रत्येकावर शीर्षक एकच, 'शाळा ते घर'. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, खाली खुणांची यादी आणि प्रमाण: एक चौकोन म्हणजे दहा पावलं. तिसरीतल्या मुलांनी गेला आठवडा पावलं मोजत घर गाठलं होतं. तिला वाटलं होतं, खारू वाटेत पाढे पुटपुटतेय.

चार वाजता खारूचे वडील तिला भेटायला येणार होते. महिन्यातून एकदा, शाळेतच, तासभर. घराचा पत्ता त्यांना द्यायचा नाही, असं कोर्टाच्या कागदावर होतं. तो कागद तिच्या पर्समध्ये असायचा. त्याची एक प्रत मोठ्या बाईंच्या कपाटातही होती.

खारूचा नकाशा तिसऱ्या ओळीत होता, वर सोनेरी चांदणी. फाटक, शिंप्याचं दुकान, उजवं वळण, पाण्याची टाकी. चौदा चौकोन, मग सहा. आईने बोट न लावता मनातल्या मनात चालून बघितलं. सगळं तंतोतंत होतं. फक्त टाकीपाशी वळायचं ते न वळता वाट सरळ पुढे गेली होती आणि पोस्टाच्या मागे एक निळं घर काढलं होतं. त्या घरात या दोघी कधीच राहिल्या नव्हत्या.

निळ्या घरावर लाल पेनाची फुली होती. फुलीपासून निघालेला लाल बाण टाकीला वळसा घालून थेट त्यांच्या जिन्याशी थांबला होता. 'घर इथे. बाकी उत्तम!'

"मी चुकीचंच काढलं होतं," खारू हळूच म्हणाली. "मुद्दाम. बाईंनी बरोबर केलं."

"बाईंना कसं कळलं?"

"मिठूने सांगितलं. म्हणाली, बाई, ही थापा मारतेय, ही तर आमच्या बाजूच्या जिन्यात राहते. मग सगळे हसले."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, चुकलं."

आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तेवढ्यात वर्गाच्या बाई लगबगीने आल्या. महिनाभरापूर्वीच या शाळेत रुजू झाल्या होत्या.

"आलात का! बघितलात ना? अहो, मोठ्या माणसाला जमणार नाही असं काम केलंय पोरीने. पावलापावलाचा हिशोब बरोबर, आणि वेंधळी विसरली काय, तर स्वतःचं घर!"

"बाई, हा नकाशा काढून मिळेल का? आत्ता."

"आत्ता? अहो, तिसरा नंबर आलाय तिचा. मोठ्या बाई बघायला यायच्यात. उद्या देते की घरी."

"चार वाजता तिचे वडील येणार आहेत."

"मग उलट छान! त्यांनाही बघू दे की लेकीचं..."

बाईंचं वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी आईकडे बघितलं, मग खारूकडे, मग स्वतःच्या लाल बाणाकडे. पदर खोचून त्या नखाने टाचण्या उपसू लागल्या. शेवटची निघेना, तेव्हा त्यांनी कागद ओढलाच. एक कोपरा भिंतीवर राहिला.

"मला ऑफिसातून कुणी एका शब्दाने बोललं नाही हो," त्या पुटपुटल्या. "एका शब्दाने नाही."

आईने नकाशाची घडी घातली, घडीची आणखी एक घडी घातली आणि ती पर्सच्या तळाशी सारली. भिंतीवरची रिकामी जागा डोळ्यांत भरत होती. बाईंनी कपाटातून मागच्या महिन्याचा तक्ता काढला, 'आपले दात', आणि तो तिथे ठोकून दिला. नकाशांच्या मधोमध एक भलीमोठी दाढ आली.

"कुणी विचारलं तर?" आई म्हणाली.

"म्हणेन, उजळणी चाललीय."

दोघी हसल्या. तीन अठ्ठेचाळीस. पालक येऊ लागले होते. व्हरांड्यात बुटांचे आवाज होत होते आणि प्रत्येक आवाजाला आई मान वळवत होती.

"आई."

खारू पहिल्या ओळीपाशी टाचा उंचावून उभी होती.

"आता काय?"

"मिठूच्या नकाशात पण आपण आहोत."

आई तिच्या मागे जाऊन उभी राहिली. मिठूने हात राखून काहीच काढलं नव्हतं. शिंपी होता, टाकी होती, टाकीखाली झोपणारा कुत्रा होता. तिच्या घराला लागून दुसरा जिना होता आणि त्यावर जांभळ्या स्केचपेनने लिहिलं होतं, 'खारूचं घर, दुसरा मजला'.

"इथे पण आहोत," खारू पुढे सरकली. "आणि इथे."

आई अजून मिठूच्याच कागदापाशी होती. खुणांच्या यादीत झाड होतं, टाकी होती, कुत्रा होता. सगळ्यांत शेवटी एक चिमुकली खिडकी होती, गज एकूण एक मोजून काढलेली. तिच्यापुढे लिहिलं होतं: 'इथे काकू रोज संध्याकाळी रस्त्याकडे बघत उभ्या असतात.'